सातवा रकाना

मले राग लवकर येते. माय म्हणते, "हिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसून असते तो." तेव्हा ही गोष्ट मी थंडपणे सांगीन असं कोणी समजू नये. थंडपणे सांगायची ती गोष्टच नाही.

१९६४ चा उन्हाळा. भिलाई, सेक्टर सहा. मी वच्छला, केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली अन् वर्षभर घरी बसलेली. नागपूरले मावशीच्या घरी राहून शिकली होती. दोन कॉलेजांत मुलाखती दिल्या. एका ठिकाणी विचारलं, "लग्न ठरलंय का?" दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "पोलादाच्या भट्टीवर हेल्पर आहेत." समोरचा माणूस नुसता 'अच्छा' म्हणाला अन् माझा अर्ज दोन बोटांनी बाजूले सारला. घरी आल्यावर मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मायनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "झालं? आता तांदूळ निवड."

आता बाबाचं सांगते. फकिरा देवाजी. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून सत्तावन्न साली इथं माती खोदायले आला. कारखाना उभा झाला अन् बाबा भट्टीवर लागला. पोलाद वितळते तेव्हा वर जो मळ तरंगते त्याले स्लॅग म्हणतात. मळ बरोबर त पोलाद बरोबर. त्यात चुना किती आहे हे वेळेवर समजलं नाही त अख्खी भट्टी बिघडते. प्रयोगशाळेतून चुन्याचा आकडा यायले पाऊण तास लागे. बाबा काय करे, लांब दांड्याच्या पळीनं स्लॅग काढे, लोखंडी वाटीत ओते, अन् तळहाताएवढी चकती थिजली की तिचं तोंड पाहून आकडा सांगे. पाऊण तासानं प्रयोगशाळेचा आकडा खडूनं फळ्यावर चढे. तो बाबाचाच असे.

चकतीची भाषा बाबानं मायपासून उचलली होती. माझी माय मथुरा. दिवाळीचे अनारसे तिच्यासारखे सेक्टर सहात कोणाले जमत नव्हते. चकती काळी चकाकली त बाबा म्हणे, "तेल प्याली." म्हणजे चुना कमी. वरून बारीक भोकं पडली त "जाळी धरली," म्हणजे चुना बरोबर. अन् चुना फार झाला त ती चकती हवेतलं पाणी पिऊन दोन-तीन दिवसांत आपोआप भुगा होई. अनारसा तुपात फुटून विरला की आमच्यात 'हसला' म्हणतात. बाबा चकतीचं तोंड पाहूनच सांगे, "ही हसन," म्हणजे हसणार, भुगा होणार. हळूहळू सारी शिफ्ट तेच बोलायले लागली. गोंदियाचे, बालाघाटचे, छत्तीसगढी, सगळे. एक रशियन साहेब होता, तोही चकती पुढे धरून विचारे, "फकिरा, जाली?" बाबानं मान हलवली की 'खराशो', म्हणजे 'छान', म्हणून पाठीवर थाप मारे.

हे मी वर्षभर लिहून काढलं. बाबा ड्यूटीवरून आला की आंघोळीच्या आधी मी वही घेऊन बसे. आज किती भट्ट्या, चकती कशी, तुमी काय आकडा सांगितला, फळ्यावर काय आला. फेकायच्या ढिगातल्या चकत्या बाबा टिफिनमधून आणे. गेटवरचा शिपाई डबा उघडून म्हणे, "क्या फकिरा, घर में पत्थर पकाते हो?" पहिल्या बारीनं बाबा हसला होता. पोलादाचा एक घाण म्हणजे एक भट्टी, अशा वहीत चारशे बारा भट्ट्या झाल्या. त्यात बाबाच्या चुका एकोणीस.

अन् मले घाई होती, कारण बाबाचे डोळे जाऊन राहिले होते. वर्षानुवर्षं भट्टीच्या तोंडात पाहून पाहून डोळ्यांत धुकं आलं होतं. निळ्या काचेचा चष्मा लावून का उजेड थांबते? डॉक्टरनं सांगितलं, वर्षभरात भट्टीवरून काढावं लागन. बाबा खाली उतरला की ते ज्ञानही त्याच्यासंगच उतरणार होतं, कारण कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या एकटीच्या वहीले कोण विचारते? त्याच्या मागे प्रयोगशाळा पाहिजे होती.

त्यातच पेपरात जाहिरात आली. एका युनिव्हर्सिटीत स्लॅगवर संशोधन सुरू होणार, संशोधन साहाय्यकाची एक जागा. युनिव्हर्सिटीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. अर्ज मागवला. त्यात सातवा रकाना असा : 'संशोधनाचा अनुभव कोणाच्या मार्गदर्शनाखाली घेतला? नाव, पदवी, हुद्दा.'

मी लिहिलं : फकिरा देवाजी. चौथी पास. भट्टीवर हेल्पर.

त्या संध्याकाळी शामराव साहेब घरी आले. बाबाच्या शिफ्टचे इंजिनिअर, वर्ध्याचे, मनानं भले. त्यायनं अर्ज वाचला अन् कपाळाले हात लावला.

"अवं वच्छे, हे का लिहिलं? हा अर्ज पहिल्याच टेबलावरून टोपलीत जाईन. माझं नाव लिही. मी बी.ई. आहे. सही करतो, शिक्का मारतो. कोण पाहायले येते?"

बाबा लगेच म्हणाला, "लिही साहेबाचं नाव. साहेब आपणहून म्हणून राहिले."

"साहेबानं एक तरी चकती वाचली का?"

"मले कुठं येते वाचता!" शामराव साहेब खरं बोलले. "मी फकिरालेच विचारतो."

"मग झालं त."

"नावानं का होते, पोरी?" बाबा चिडला. "नाव का खाता येते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भट्टीसमोर डोळे जाळले तुमी, अन् नाव साहेबाचं? हे कोणत्या गावचं राज्य जी? अन् नावानं काहीच होत नसन, त मग तुमचंच राहू द्या!"

बाबा उठून बाहेर जाऊन बसला. शामराव साहेब चहा पिऊन गेले. राग नाही धरला त्यायनं. मी दुसऱ्या दिवशी पावर हाउस वस्तीतल्या पोस्टातून अर्ज तसाच टाकला.

अर्ज टोपलीत नाही गेला. महिन्याभरात बोलावणं आलं, सोमवारी सकाळी अकरा, येताना नमुने आणावे. शुक्रवारी बाबानं तीन चकत्या आणल्या. एक तेल प्यालेली, एक जाळीची. तिसरी वरून अगदी गुळगुळीत, भुऱ्या रंगाची, पाहायले सगळ्यांत देखणी. बाबानं ती खिडकीशी नेली, डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरून बराच वेळ पाहिली, मग अंगठा फिरवला. कागदात गुंडाळून वर पेन्सिलनं लिहिलं : 'सोमवारी हसन. फ.'

मले हेच पाहिजे होतं. हातच्या काकणाले आरसा कायले पाहिजे? साहेब लोकायच्या समोर डबा उघडायचा, अख्खी ठेवलेली चकती भुगा झालेली, अन् वर तीन दिवसांआधीचं बाबाचं अक्षर. मग कोण काय बोलते ते पाहू. मी चकत्या डब्यात ठेवल्या अन् निर्धास्त झाली.

सोमवारी तीन साहेब समोर बसले होते. मधले विभागप्रमुख, गोरे, चष्मेवाले, बोलणं अगदी छापील. त्यांनी सुरुवातच सातव्या रकान्यापासून केली.

"हे फकिरा देवाजी म्हणजे आपले कोण?"

"वडील."

"आणि मार्गदर्शकही?"

"हाव."

बाजूचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले.  मी डब्यातली तिसरी पुडी काढली, त्यायच्या समोर ठेवली अन् बाबाचं अक्षर वाचून दाखवलं. चुना जास्त आहे, ही चकती आजपर्यंत भुगा होईन असं शुक्रवारी नुसत्या नजरेनं सांगितलेलं आहे, म्हटलं. उघडा.

प्रमुख साहेबांनी उघडली. चकती अख्खी. एक कण सुद्धा सुटला नव्हता. टेबलावर टक् करून वाजली.

"आपल्या मार्गदर्शकांचं भाकीत चुकलेलं दिसतंय," ते म्हणाले, अन् पुढचा अर्ज हातात घेतला.

माझे कान तापले. बाबाची विसावी चूक, अन् तीही इथं! डोळ्यांत पाणी यायले लागलं तशी मी चकती उचलून नाकाशी नेली, तोंड लपवायले. अन् मले वास आला. जवसाच्या तेलाचा.

अरे बाप्पा! माय!

सगळं समजलं. मायनं पुडीवरचं वाचलं नसन, तिले वाचता येतच नाही. पण बाबाच्या तोंडून 'हसन' ऐकलं असन. पोरगी एवढ्या मोठ्या साहेब लोकायच्या समोर चालली अन् नमुना फुटका कसा न्यायचा? फाल्गुनात नवे लोखंडी नांगर, विळे, कोयते पाणी लागू नये म्हणून जवसाचं तेल चोपडून ठेवतात तिच्या माहेरी. तिनं चकतीले दोन्ही बाजूनं तेल चोपडलं होतं अन् तसंच परत गुंडाळून ठेवलं होतं. मले मायवर असा राग आला की ती तिथं असती त भांडणच झालं असतं.

"साहेब," मी उठून उभी राहिली, "ही चकती हसली नाही कारण माझ्या मायनं तिले तेल लावलं. पाणी आत गेलंच नाही. मले बेंझिन द्या, थोडं मेण द्या, अन् वाफेचं भांडं द्या. चार वाजेपर्यंत दाखवते."

"बाई, बाहेर अजून चार उमेदवार बसलेत."

"घ्या की त्यायच्या मुलाखती. मी कुठं आडवी आली? मी प्रयोगशाळेत बसते. नाही बसू दिलं त दारात बसते. पण हा नमुना दाखवल्याबिगर मी इथून हलत नाही."

साहेब चष्म्यावरून पाहत राहिले. मग त्यांनी घंटी वाजवून प्रयोगशाळेच्या शिपायाले बोलावलं. "धोंडबा, यांना काय हवं ते द्या."

धोंडबा म्हातारा माणूस होता, बोलायचा कमी. मी चकतीचे हातोडीनं दोन तुकडे केले. एक तुकडा बेंझिननं घासून घासून धुतला, तेलाचा वास जाईपर्यंत. दुसऱ्यावरचं तेल तसंच राहू दिलं अन् त्याच्या तुटलेल्या कडेले मेण लावून बंद केलं. दोन्ही तुकडे मेण वितळणार नाही इतक्या कोमट वाफेवर ठेवले, वर काचेची हंडी झाकली, अन् स्टूल ओढून समोर बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. धोंडबानं न विचारता पोहे आणून दिले. मी हंडीवरची नजर न काढता खाल्ले.

अडीच वाजता धुतलेल्या तुकड्याले पहिली चीर गेली. साडेतीनले तो बसला, बशीत नुसता भुगा. तेलाचा तुकडा तसाच्या तसा उभा.

धोंडबा साहेबायले बोलावून आला. तिघंही आले. आता कोणी हसलं नाही. प्रमुख साहेबांनी भुगा चिमटीत घेऊन चोळला, मग दुसरा तुकडा उचलला, वास घेतला, अन् म्हणाले, "तेल लावलं नसतं, तर मी म्हटलं असतं योगायोग. आता तसं म्हणता येत नाही."

मायनं माझा नमुना बिघडवला नव्हता. तिनं त्याले जोडीदार दिला होता. हे मले त्या क्षणी समजलं, अन् सकाळचा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

प्रमुख साहेबांनी मले आपल्या खोलीत नेलं. "जागा तुमची. फक्त अर्ज नव्यानं भरा. सगळं तसंच राहू द्या, सातवा रकाना तेवढा कोरा सोडा. चौथी पास मार्गदर्शक लिहिलेला कागद वर जाणार नाही. कोरा असला तर कोणी विचारणार नाही."

जागा माझी. मी वर्षभर हेच शब्द ऐकायले तरसली होती. मी कोरा अर्ज घेतला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. सातव्या रकान्याशी आली अन् लिहिलं : फकिरा देवाजी, चौथी पास, भट्टीवर हेल्पर. त्याच्या खाली लिहिलं : साहाय्य, मथुरा फकिरा, निरक्षर, तेल लावण्याचं काम.

साहेबांनी वाचलं. तो अर्ज बाजूले ठेवला अन् दुसरा कोरा अर्ज दिला. मी परत तेच लिहिलं. त्यांनी तिसरा दिला.

"बाई, हा हट्ट आहे."

"हाव साहेब. हट्टच आहे."

"बाहेरच्यांत दोघे फर्स्ट क्लास आहेत."

"असतील. त्यायच्यासमोर डब्यातल्या बाकीच्या दोन चकत्या ठेवा अन् विचारा, कोणती तेल प्याली. सांगितलं एकानं जरी, त मी आपली पुढच्या गाडीनं चालली."

 ते मी संग आणलेली वही ओढून पानं उलटायले लागले. पहिल्यापासून नाही, शेवटून. माणूस खरा केमिस्ट होता, चुकांकडेच गेला.

"चारशे बारा. चुका एकोणीस. नोव्हेंबरपर्यंत एकही नाही. पुढे एकोणीसच्या एकोणीस. असं का?"

हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. मायले नाही, बाबाले त नाहीच. घरात डोळ्यांची गोष्ट निघाली की बाबा म्हणे, काही नाही, थोडं धूसर दिसते. पण माझ्या वहीनं सगळं सांगून टाकलं होतं. दर महिन्याले दोन, मग तीन, मग पाच. 

"डोळे चालले त्यायचे," मी कशीबशी म्हटलं. "भट्टीनं. माझ्याजवळ वर्षही नाही, साहेब. जे त्यायले दिसते ते लिहून घ्यायले मी इथं आली. अन् तुमी म्हणता ज्याचं लिहून घ्यायचं त्याचाच रकाना कोरा सोड. नाही सोडत मी. तुमी जागा त्यायले देऊन टाका फर्स्ट क्लासवाल्यायले, मी ही वही घेऊन घरी जाते अन् स्वयंपाकघरात बसून लिहिते."

रडली मी. सरळ रडली, त्यायच्या समोर. पण पेन खाली नाही ठेवलं.

साहेबांनी तिसरा कोरा अर्ज माझ्यासमोरून उचलून खणात टाकला. दुसरा भरलेला घेतला, सातव्या रकान्यावर बोट ठेवून परत एकदा वाचला, अन् खाली सही केली. "वर मी पाहून घेईन," ते म्हणाले. "एक जुलैला हजर व्हा. पहिले सहा महिने तुमचं काम भिलाईतच. तुमच्या मार्गदर्शकांच्या घरी."

मंगळवारी घरी पोहोचली. माय दारातच. "चकती फुटली त नाही ना?" तिनं पहिलं हेच विचारलं. मी तिले सगळं सांगितलं. तिनं तोंडावर पदर घेतला. "अवं माय वं! मी त सगळं वाया घातलं असतं!" मग मी करून आणलेली अर्जाची नक्कल पुढे धरून म्हणाली, "माझं नाव कुठं आहे, दाखव." मी दाखवलं. त्यावर ती बराच वेळ बोट ठेवून बसली.

बाबा ड्यूटीवरून आला. मी त्याले वाचून दाखवलं, नक्कल, सही, तारीख, सगळं. साहेबानं वही पाहिली अन् ठेवून घेतली हेही सांगितलं. मग धीर करून एकोणीस चुकांचंही सांगितलं, त्या कोणत्या महिन्यांतल्या ते.

बाबा चप्पल काढता काढता थांबला.

"एकोणीस नाही," तो म्हणाला. "बावीस."

"बावीस कशा?"

"तीन बारीनं मले काहीच नाही दिसलं. फळ्यावर जो आकडा चढला तोच माझा म्हणून तुले सांगितला." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "तुले नोकरी लागून राहिली होती. मी म्हटलं, माझ्यापायी नको अडायले."

मले राग आला. असा आला की सांगता येत नाही. "तुमचं नाव आहे त्या रकान्यात! मी तीन अर्ज भरले त्या नावासाठी! तुमच्या वहीत खोटं कसं चालन?"

"आता का करायचं? नोकरी जाईन का?"

"जाईन त जाईन."

मी तिथंच, उंबरठ्याजवळ बसून, साहेबाले पत्र लिहायले घेतलं. चुका एकोणीस नसून बावीस आहेत, तीन भट्ट्यांच्या तारखा खाली दिल्या आहेत, वहीत दुरुस्ती करावी. बाबा माझ्या शेजारी येऊन बसला अन् तीनही तारखा त्यानं तोंडपाठ सांगितल्या. पत्र झालं. खाली माझी सही केली. मग पेन त्याच्या हातात दिलं.

"मी कायले?"

"मार्गदर्शकाची सही लागते."

त्यानं कागद डोळ्यापाशी नेला, परत खाली ठेवला. मी त्याच्या हाताचं बोट धरून कुठं करायची ते दाखवलं. त्यानं सावकाश लिहिलं, फकिरा देवाजी, ओळ थोडी उतरत गेली.

"खाली हुद्दा लिहू का? हेल्पर?"

"नाही," मी म्हटलं. "आताच म्हटलं ना मी, मार्गदर्शक. तो शब्द लिहा."

त्याले तो शब्द लिहायले पाच मिनिटं लागली. मी घाई केली नाही.